नळ येण्याआधीचे नळनाना

नाना रस्त्याने चालताना माणसांकडे बघत नसत, जमिनीकडे बघत. धुळ्याच्या कुठल्याही गल्लीत सकाळी सातच्या सुमारास ते दिसायचे. काळी टोपी, गुडघ्यापर्यंत आलेला खाकी कोट, पायात झिजलेल्या वहाणा आणि हातात पितळी तांब्या. दोन गल्ल्या मिळतात तिथे थांबायचे, तांब्यातलं थोडं पाणी धुळीत ओतायचे आणि उकिडवे बसून ते कुठे वळतंय ते बघत राहायचे. पाणी वळलं की खिशातून वही काढून एक बाण काढायचे आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघायचे. कुणी रामराम घातला तर मान वर न करता म्हणायचे, "जरा बाजूला व्हा, तुम्ही उतारावर उभे आहात."

ते नगरपालिकेचे ओव्हरसियर होते. रस्ते, मोऱ्या, शाळांची छपरं आणि कंदिलांचे खांब ही त्यांची रोजची कामं. पण त्यांच्या डोक्यात फक्त नळ होते. गावात तेव्हा एकही नळ नव्हता आणि तरीही गाव त्यांना नळनाना म्हणायचं. हे नाव चेष्टेने पडलं होतं आणि नानांना ते ठाऊक होतं. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "बरंच झालं की. नाव आधी आलं, आता नळ मागून येईल. बारशाला मूल लागतंच असं थोडंच आहे?"

माझी त्यांची ओळख झाली ती छपरामुळे. मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. लग्नानंतर दोनच वर्षांत माझे यजमान गेले आणि सासरच्या मंडळींनी, त्यांचे उपकारच म्हणायचे, मला ट्रेनिंगला जाऊ दिलं. शाळेचं छप्पर गळत होतं म्हणून मी अर्ज केला होता. नाना भर चैत्रात ते बघायला आले. छप्पर त्यांनी पाच मिनिटांत बघून संपवलं. मग त्यांची नजर अर्ध्या रिकाम्या वर्गावर गेली.

"मुली कुठे गेल्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नदीवर. पांझरा आटली की वाळूत झिरे खणायचे, वाटीवाटीने पाणी उपसून हंडा भरायचा. एका हंड्याला तासभर लागतो. थोरल्या मुली पाण्याला जातात आणि धाकट्या घरी भावंडं सांभाळतात. होळीपासून मृगापर्यंत माझी शाळा अशीच असते.

नानांनी हजेरीचं पुस्तक मागितलं. फाल्गुनापासूनची पानं त्यांनी एकेक करून उलटली. गैरहजेरीच्या त्या फुल्यांकडे ते असे बघत होते, जसा एखादा जवाहिऱ्या खडे बघतो. मग मागच्या वर्षीचं पुस्तक मागितलं, मग त्याच्याही मागचं. शेवटी उठून उभे राहिले आणि चक्क मला नमस्कार केला. म्हणाले, "बाई, सहा वर्षं मी नगरपालिकेच्या सभेला सांगतोय की गावाला पाणी कमी पडतं. सभा विचारते, पुरावा काय? पुरावा तुम्ही रोज लिहीत होता आणि मी तुमच्या दारावरून जात होतो."

त्या दिवसापासून मी त्यांच्या योजनेत ओढली गेले. आधी मला वाटलं, चार दिवसांचं काम असेल. ते तीन वर्षं चाललं आणि माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत उत्साहाची वर्षं होती.

पहिलं काम हंडे मोजण्याचं. नानांना माहीत करून घ्यायचं होतं की गाव दिवसाला किती पाणी वाहतं आणि कोण वाहतं. पुरुषमाणसाने नदीकाठी वही घेऊन बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून सुटीच्या दिवशी मी बसायची. नाना वरच्या अंगाला, पिंपळाखाली पाठ करून उभे राहायचे. मी आकडा वहीत लिहून ओरडून सांगायची आणि तेही टिपून घ्यायचे. नदीवरच्या बायकांना ही मोठी करमणूक झाली. त्यांच्यात ठगूबाई नावाची एक होती. वय चाळिशीचं, उंच, काटक, डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेऊन हात न लावता चालायची. दुसऱ्यांचं पाणी भरून तिचा संसार चालायचा. तिसऱ्या दिवशी तिने वाळूतूनच नानांना हाक मारली.

"तू हंडा मोजी ऱ्हायना नाना, पन मन्ही कंबर कोन मोजी?"

सगळा काठ हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी मागे वळून ठगूबाईकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाले, "लिहा बाई. नदीपासून घरापर्यंतचं अंतरही लिहा." नंतर आम्ही अंतरंही मोजली. ठगूबाई एका दिवसात जेवढी चालायची तेवढ्यात माणूस सहा मैलांवरच्या लळिंगच्या किल्ल्यापर्यंत जाऊन परत आला असता, आणि तेही रिकाम्या डोक्याने नव्हे.

नानांचा नकाशा मी प्रथम पाहिला तो त्यांच्या घरी. तो मेणकापडावर होता, एवढा लांब की उलगडायला ओटी पुरेना. त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि नकाशाचं एक टोक चुलीपर्यंत गेलं. अक्का तव्यावर भाकरी टाकत होत्या. त्या सवयीने पदर सावरून कडेला सरकल्या, जणू घरात नदी शिरण्याची त्यांना सवयच होती. वरच्या अंगाला पांझरेच्या पात्रात विहीर, तिथे इंजिन, तिथून टेकाडावरची टाकी आणि टाकीपासून झाडाच्या मुळांसारखे गावभर पसरलेले नळ. मी बोटाने एकेक गल्ली ओळखत गेले. मग मला दिसलं की काही नळ गावाच्या बाहेर, मोकळ्या रानात जाऊन थांबले आहेत.

मी विचारलं, "नाना, इथे तर कुणीच राहत नाही."

"राहतील. अजून जन्मले नाहीत," नाना म्हणाले आणि पुढच्या गल्लीकडे वळले.

ही योजना तीस वर्षांची होती. नानांचं म्हणणं साधं होतं. रस्ता एकदाच खणायचा असेल तर आजच्या गावापुरता का खणायचा? मुख्य नळ आठ इंची घातला तर नातवंडांना पुरेल. चार इंची घातला तर दहा वर्षांनी पुन्हा खणावं लागेल, आणि तेव्हा खणायला आपल्यासारखा वेडा मिळेलच असं नाही. सभेत याला सर्वांत मोठा विरोध होता तो जिनवाल्या शेठचा. शेठचा कापसाचा मोठा कारखाना होता, सभेत त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि खरं सांगायचं तर तो माणूस काही वाईट नव्हता. आपल्या पेठेत त्यांनी स्वतःच्या पैशाने पाणपोई चालवली होती. पण त्यांना चार इंची नळ हवा होता आणि तो मोठ्या पेठेपुरताच. उरलेल्यांनी नंतर जोडून घ्यावं. दुप्पट रुंद नळ म्हणजे दुप्पट खर्च, एवढा हिशेब त्यांना पुरेसा होता.

नाना सभेत बोलताना अडखळायचे. इंग्रजीतले शब्द, आकडे आणि कपाळावरचा घाम यात त्यांचा मुद्दा हरवून जायचा. तीन सभा अशाच गेल्या. तिसऱ्या सभेनंतर ते शाळेत येऊन पायरीवर बसले. मग अचानक म्हणाले, "सभेला ऐकू येत नाही, बाई. पण बाजाराला दिसतं."

त्यांनी पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारागिराकडून दोन नळ्या करून घेतल्या, एक दोन बोटं रुंद आणि दुसरी चार बोटं. सारख्या उंचीच्या दोन पिंपांना तळाशी त्या बसवल्या आणि आठवड्याच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगांना लागून, उंच ओट्यावर ती पिंपं मांडली. दोन्हींत काठोकाठ पाणी भरलं. लोक जमले. एवढं पाणी फुकट सांडणार म्हटल्यावर कोण थांबणार नाही? ठगूबाई आणि तिच्या मैत्रिणी हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, कारण एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही असं त्यांनी नानांना बजावलं होतं.

नानांनी दोन्ही बूच एकदम काढली. बारीक नळीखालचा हंडा निवांत भरू लागला. रुंद नळीखालचा हंडा बघता बघता भरला. ठगूबाईने तो ओढून दुसरा सारला, मग तिसरा. बाजार ओरडून मोजायला लागला. बारीक नळीचा पहिला हंडा काठाशी आला तेव्हा रुंद नळीचा चौथा भरून पाचवा लागला होता. मग नानांनी त्या कारागिराला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं की मोठ्या नळीला पत्रा किती लागला. तो म्हणाला, दुप्पट. नानांनी पिंपं उतरवायला घेतली. संध्याकाळपर्यंत 'पत्रा दुप्पट, पाणी चौपट' ही म्हण झाली होती आणि भाजीवाल्या बायका घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाला तीच ऐकवत होत्या.

शेठही तिथे होते. पाचवा हंडा त्यांनी स्वतः पाहिला होता. ते नानांजवळ आले आणि म्हणाले की नळ आठ इंची, हे मला पटलं. पण बाजारातला खेळ वेगळा आणि पैसा वेगळा, पैसा काही पिंपात भरून येत नाही.

ते खरंच होतं. योजना सभेने मंजूर केली, पुण्याहून सरकारी इंजिनियर येऊन नदी, टेकाड आणि नानांच्या वहीतले बाण बघून गेला आणि काही महिन्यांनी सरकारचं पत्र आलं. अर्धा भार सरकार उचलणार होतं, काही देणगी म्हणून, काही कर्ज म्हणून. उरलेला अर्धा गावाने कर्जरोखे विकून उभा करायचा होता. म्हणजे नगरपालिका लोकांकडून पैसे घेणार, दर वर्षी व्याज देणार आणि तीस वर्षांनी मुद्दल परत करणार. मुदत मार्चअखेरची होती. तोवर रक्कम जमली नाही तर सरकारचं पत्र रद्द, आणि पुन्हा विचारायला किती वर्षं लागतील ते देव जाणे.

तीस वर्षं हा शब्द ऐकला की लोकांचे चेहरे बदलत. नाना दारोदार फिरत होते, बऱ्याचदा मीही सोबत असे. चौथ्या गल्लीत एक म्हातारे सोनार होते. ते हसून म्हणाले की तीस वर्षांनी पैसे घ्यायला मी असणार कुठे? नाना म्हणाले, "तुम्ही नसाल आबा. पण तुमचा नातू असेल, आणि त्याला तहान लागेल." आबांनी एक रोखा घेतला. पण अशी घरं थोडी होती. शंभर रुपयांचा एक रोखा, तो काही सगळ्यांना झेपणारा नव्हता. फेब्रुवारी सरला तेव्हा अजून बरीच मोठी रक्कम उरली होती.

त्याच सुमारास शेठनी नानांना कारखान्यात बोलावलं. नानांनी मला बरोबर यायला सांगितलं, बहुधा त्यांना साक्षीदार हवा होता. शेठनी चहा मागवला आणि सरळ विषयाला हात घातला. उरलेले सगळे रोखे ते एकटे घ्यायला तयार होते. अट एकच होती. नदीकाठी, गावाच्या पार खालच्या टोकाला जी वस्ती होती, ज्यांना गावातल्या कुठल्याच विहिरीवर पाणी भरू देत नसत त्यांची, तिच्याकडे जाणारा नळ गाळायचा. एकाच नळाचं पाणी त्यांनी आणि आम्ही प्यायचं म्हटलं तर पेठेतले लोक नळच घेणार नाहीत, असं शेठचं म्हणणं होतं. त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय करू, असंही ते म्हणाले.

मी नानांकडे पाहिलं. एका शब्दात गावाचं पाणी त्यांच्या हातात येत होतं. नाना चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "शेठ, नळ वळवता येतो. उतार वळवता येत नाही. मुख्य नळाचं शेवटचं टोक तिथेच उतरतं. तिथे तोंड ठेवलं नाही तर गाळ साचून तुमच्या पेठेतलं पाणी नासेल."

शेठ इंजिनियर नव्हते. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग नाइलाजाने मान हलवली. पण रोखेही घेतले नाहीत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "नाना, खरंच वळवता येत नाही का?"

"येतो की. दोन वाकणं आणि एक झडप लागेल," ते म्हणाले. "पण शेठना सांगू नका."

मी रस्त्यातच हसले. नाना मात्र हसत नव्हते. एक महिना उरला होता आणि त्यांनी गावातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक परत पाठवलं होतं.

मार्ग काढला तो ठगूबाईने, आणि तोही भांडता भांडता. एके दिवशी ती शाळेच्या दारात येऊन नानांसमोर उभी राहिली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की नळ आले की पाणी भरणाऱ्या बायांचं काम संपलं. ती म्हणाली, "नळ उना का मना हंडाले कोन इचारी?"

सात वर्षं नाना नळाचा विचार करत होते. किती पाणी, किती दाब, किती गल्ल्या, सगळं वहीत होतं. हंडा वाहणाऱ्या बायकांची कंबर त्यांनी मोजली होती, पण पोट मोजायचं राहून गेलं होतं. ते तसं स्पष्टच म्हणाले. ठगूबाईला अशी कबुली ऐकायची सवय नव्हती. नानांनी तिथेच, शाळेच्या ओट्यावर बसून योजनेत एक कलम वाढवलं. दर चार गल्ल्यांना एक सार्वजनिक नळकोंडाळं, आणि प्रत्येक कोंडाळ्यावर नगरपालिकेच्या पगाराची एक नळवाली. नळ वेळेवर उघडायचा, बंद करायचा, रांग लावायची, जागा धुवायची. आणि या जागांवर आधी पाणी भरणाऱ्या बायाच घ्यायच्या. सभेत लोक हसले, पण कलम मंजूर झालं.

ठगूबाईने ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग पदराच्या गाठीतून नाणी काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मना बी कागद लिखा. बठ्ठा गावना नळ शे ना, मंग मना बी वाटा ऱ्हाऊ द्या."

नळ सगळ्या गावाचा, तर तिलाही वाटा हवा होता, पण रोखा शंभराचा होता. तिच्याकडे जेमतेम दहा रुपये होते. नाना त्या नाण्यांकडे बघत राहिले आणि मग असे उठले की वहाणा घालायचंही विसरले. तसेच अनवाणी ते अध्यक्षांच्या घरी गेले, मी त्यांच्या मागे. अध्यक्ष पेशाने वकील होते, जपून पाऊल टाकणारे आणि सरळ. नानांनी विचारलं की रोखा दहाचा का असू नये? अध्यक्षांनी कायद्याची पुस्तकं काढली आणि दुपारभर वाचली. नाना खिडकीशी उभे, मी दारात. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मोठ्यांना सवलत कुठेही नाही आणि लहानांना बंदीही कुठे नाही. छापा दहाचे."

पुढचे तीन आठवडे माझी शाळा सुटली की व्हरांड्यात रांग लागायची. पाणी भरणाऱ्या बाया, जिनात कापूस निवडणाऱ्या बाया, शिंपी, तेली, टांगेवाले, कुणी एकेकटे, कुणी पाच जण मिळून एक रोखा घेणारे. नदीकाठच्या वस्तीतून एक म्हातारे आले आणि त्यांनी सगळ्या वस्तीच्या नावाने चार रोखे घेतले. मी नावं लिहायची, लोक अंगठे उठवायचे आणि माझी बोटं शाईने निळी झालेली असायची. मीही एक रोखा घेतला. माझ्या नावावर कागदावर काही असलेलं ते आयुष्यात पहिल्यांदाच. नाना बाकावर बसून असायचे आणि कुणी पाणी मागितलं की स्वतः उठून माठातलं आणून द्यायचे. शेवटच्या दिवशी दुपारी अध्यक्ष आले, त्यांनी बेरीज पुन्हा पुन्हा तपासली, रक्कम पुरी झाली म्हणाले आणि नानांचा हात हातात घेतला. व्हरांड्यात असा काही गलका झाला की शेजारच्या दवाखान्यातून डॉक्टर धावत आले.

संध्याकाळी शेठची गाडी आली. त्यांनी आपल्याच कारखान्यातल्या बायांना रांगेत पाहिलं होतं म्हणे, आणि ते त्यांना लागलं होतं. अट मागे घेऊन ते रोखे मागायला आले होते. नानांनी त्यांना बसायला बाक दिला आणि नम्रपणे सांगितलं की सगळे रोखे संपले.

"माझ्यासाठी एकही ठेवला नाही?" शेठनी विचारलं. त्यांचा चेहरा पंगतीला उशिरा आलेल्या माणसासारखा झाला होता.

त्यानंतरची दोन वर्षं गाव खणलेलं होतं. बिडाचे काळे नळ रेल्वेने आले, बैलगाड्यांनी गल्ल्यांत पोचले. नाना प्रत्येक सांध्यावर वाकून बसलेले असायचे. शिसं वितळवून सांधा भरला की हाताने चाचपायचे आणि पुढे सरकायचे. लोक चरांवरून उड्या मारत बाजाराला जात होते, पण कुणी कुरकुर केली नाही, कारण प्रत्येक चरात कुणाचे ना कुणाचे दहा रुपये होते.

पाणी सोडायचा दिवस आला. मोठ्या पेठेत मांडव, तोरणं, बँड आणि नळाला रेशमी फीत. नाना मांडवात नव्हते. अध्यक्षांनी माणसं धाडली, पण मला ठाऊक होतं ते कुठे असतील. मी नदीकाठच्या वस्तीत गेले. तिथल्या शेवटच्या कोंडाळ्याजवळ, नळावर हात ठेवून नाना उभे होते. शेजारी ठगूबाई होती, तिच्या नळवालीच्या कामाचा तो पहिला दिवस. तिने आग्रह धरून शेवटचा नळ मागून घेतला होता. "पेठेत पाणी येणारच," नाना मला म्हणाले. "इथे आलं तर योजना खरी."

पेठेकडून बँडचा आवाज आला. टाळ्याही ऐकू आल्या. म्हणजे तिकडे पाणी पोचलं होतं. आमचा नळ कोरडा होता. ठगूबाईने तो पूर्ण उघडून ठेवला होता. वस्तीतली सगळी माणसं रिकामी भांडी घेऊन भोवती उभी होती. नानांनी नळाला कान लावला. त्यांचे ओठ हलत होते, बहुधा गल्ल्या मोजत होते, पाणी आता कुठवर आलं असेल ते. मग नळातून फुसफुस अशी हवा बाहेर आली. मग खोकल्यासारखा एक आवाज, मग तांबूस, गंजाचं पाणी, आणि मग एकाएकी काचेसारखी स्वच्छ, मनगटाएवढी धार.

वस्तीत जो आवाज उठला तो मला सांगता येणार नाही. एका आजीबाईंनी तांब्या भरला. भरला आणि मग तो हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या, कारण समोर नाना होते आणि आपण द्यावं की नाही हे त्यांना कळेना. नानांनी टोपी काढली, वाकून ओंजळ पुढे केली आणि म्हणाले, "घाला आजी. नऊ वर्षांची तहान आहे." आजींनी पाणी घातलं, त्यातलं अर्धं नानांच्या कोटावर सांडलं. ते प्यायले. मग मीही ओंजळ पुढे केली. पुढे गावात याची बरीच चर्चा झाली, माझ्या सासरहून एक रागाचं पत्रही आलं. मी त्याला उत्तर दिलं नाही.

त्यानंतर वर्षभरात नाना निवृत्त झाले. त्यांची मुलगी जळगावला पिंप्राळ्यात दिलेली होती. तिच्याकडे जायचं ठरलं. स्टेशनवर आम्ही मोजकीच माणसं होतो. अक्का डब्यात बसल्या होत्या आणि नाना फलाटावर माझ्याशी बोलत उभे होते. त्यांच्या काखेत मेणकापडाची एक नवी गुंडाळी होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"हे काय?" मी विचारलं.

"पाणी आणलं, बाई. पण ते वापरून झाल्यावर कुठे जाणार, हे मी सभेला सांगितलंच नाही. दोन्ही एकदम मागितली असती तर एकही मिळालं नसतं. आता दोन वर्षांत गल्ल्यांतून पाणी साचेल, डास होतील, ताप येतील. यात सगळ्या गावाची गटारं आहेत. पुढच्या चाळीस वर्षांची."

मी म्हटलं, हे मी कुणाला देऊ? मी साधी शिक्षिका. गाडीने शिट्टी दिली. नानांनी पायरीवर पाय ठेवला आणि म्हणाले, "नीट बघून ठेवा. उतार सगळे तुम्हाला पाठ आहेत." दारातून त्यांनी हात हलवला नाही. गाडी हलली तेव्हाही ते फलाटाच्या कडेने वाहत आलेल्या पाण्याकडेच बघत होते.

नंतर जगभरची लढाई सुरू झाली. लोखंड मिळेना, सिमेंट मिळेना, गावाच्या कामांना कुलूप लागलं. नानांची पत्रं यायची. पिंप्राळ्याची जमीन फार सपाट आहे, जावयाच्या अंगणात पाणी साचतं, अशी तक्रार असायची. गल्लीत गटारं तुंबली की मी मेणकापड काढून बघायची, आणि प्रत्येक वेळी नाना बरोबर ठरायचे. गुंडाळी घेऊन मी चार वेळा नगरपालिकेत गेले. प्रत्येकाने कौतुक केलं आणि प्रत्येकाने परत दिली. लढाई संपता संपता अक्कांचं पत्र आलं. नाना गेले. दोनच ओळी होत्या. सकाळी फिरायला गेले होते, परत आल्यावर ओट्यावर बसले आणि बसल्या बसल्या गेले.

मी पत्र वाचलं, वर्गात गेले, मुलींना कविता शिकवली. तास संपल्यावर मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत जाऊन राजीनामा लिहिला. नगरपालिकेच्या नोकराला नगरपालिकेची निवडणूक लढवता येत नसे, म्हणून. बाईंना वाटलं माझं डोकं फिरलं. बाहेर आल्यावर मलाही तसंच वाटलं, पण पाय थांबले नाहीत. मी गल्लीगल्लीतून फिरले. भाषण मला येत नव्हतं. मी ओट्यावर मेणकापड पसरायची आणि त्या घरासमोरचं पाणी कुठे जाईल ते बोटाने दाखवायची. ठगूबाई कोंडाळ्यावरच्या रांगेत माझी निशाणी सांगायची आणि नळ बंद करायची धमकीही द्यायची, असं मला मागाहून कळलं. मी निवडून आले.

सभेचा पहिला दिवस होता. लांब टेबलाभोवती सगळे पुरुष, एका टोकाला मी. मांडीवर मेणकापडाची गुंडाळी होती. नव्या सभासदांची ओळख झाली, हार झाले, मग नव्या अध्यक्षांनी प्रेमळपणे विचारलं, "बाई, आपण शिक्षणखात्यात बसाल ना? की दुसरा काही विषय मनात आहे?"

"गटारं," मी म्हटलं.

कुणीतरी हसलं. मी उठले, टेबलावरचे हार बाजूला सारले आणि नकाशा पसरायला सुरुवात केली. तो टेबलावर मावेना, तेव्हा समोरच्यांना मी उठून जरा मागे सरायला सांगितलं.